विजेवर ठेवलेला आवाज

मिटवलेली गोष्ट त्याच क्षणी नाहीशी होते, हा लोकांचा समज खोडून काढण्यात त्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली होती. बुडालेल्या, आपटलेल्या, चुकून रिकाम्या झालेल्या उपकरणांतून हरवलेला मजकूर परत काढून देणे हा त्याचा धंदा. रडवेल्या गिऱ्हाइकाला तो आधी खुर्चीत बसवी आणि मग आपले प्रवचन सुरू करी: मिटवा म्हटले म्हणून मजकूर साठवणारी चिप लगेच काही मिटवत नाही, जागेवर 'ही आता नको' एवढी खूण करते. कारण पुसणे तिला महागात पडते. लिहिताना एकेक पान घेता येते. पुसताना मात्र पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो, तोही जबर दाबाची वीज लावून, आणि दर खेपेस ती स्वतःही थोडी झिजते. म्हणून ती चालढकल करते.

"आणि तिच्या आळसावर माझं पोट चालतं," असे त्याने म्हटले की गिऱ्हाईक कसेबसे हसे. थोरला भाऊ त्याला यावरून मांत्रिक म्हणे.

तो भाऊ आता नव्हता. घशाच्या शस्त्रक्रियेत आवाज जाणार हे कळल्यावर त्याने मागच्या खोलीत दार लावून, लहानग्या लेकीसाठी, ठकीसाठी, एका छोट्या रेकॉर्डरवर गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आधी आवाज गेला, मग तोही गेला. आणि परवा, त्यातली एक गोष्ट शोधताना वहिनीच्या हातून सगळ्याच मिटल्या, आणि तिने त्याला फोन लावला.

"भावोजी, सगळं गेलं हो! एक बटण दाबलं आणि सगळं..."

"रडू नका, वहिनी. काहीसुद्धा गेलेलं नाही. फक्त त्यात नवीन काही रेकॉर्ड करू नका. बटणांना हात लावू नका. हातातलं काम उरकलं की येतो."

"नक्की ना?"

"मांत्रिक आहे मी. दादानंच पदवी दिलीय."

वहिनी रडता रडता हसली होती. तेवढ्यावर त्याने समाधानाने फोन ठेवला होता.

आज तो आला, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर रेकॉर्डर ठेवलेला होता. त्यावर हिरवा दिवा लागला होता आणि वायर थेट भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेली होती.

"हा चार्जरला कधीपासून आहे?"

"तुम्हाला फोन केला तेव्हापासून. बॅटरी संपत आली होती. म्हटलं, मध्येच बंद पडला तर उरलंसुरलंही जायचं. ठकीला इकडे फिरकू दिलं नाही. मी तर धूळ झटकायलासुद्धा हात लावला नाही."

त्याने रेकॉर्डरमधून वायर उपसली. चिप आळशी खरी. पण वीज मिळत राहिली आणि कोणी काही मागेनासे झाले, की ती तुंबलेली कामे काढते, खूण केलेले गठ्ठे एकामागून एक पुसून पुढच्या लिखाणासाठी जागा तयार ठेवते. हे तो गिऱ्हाइकांना न चुकता सांगे: आधी वीज तोडा. घरच्या माणसाला सांगायचे तेवढे राहून गेले होते.

रेकॉर्डर दुकानात नेऊन त्याने चिपखालचा डाख तापवून वितळवला, ती उचलली आणि वाचकयंत्रात बसवली. लिहिलेल्या कप्प्यात विजेचे कण अडकवून ठेवलेले असतात. पुसलेला कप्पा मोकळा, आणि मोकळा कप्पा यंत्र 'एक' म्हणून वाचते. पडद्यावर नुसते 'एक'च उमटत गेले, पानामागून पान, गठ्ठ्यामागून गठ्ठा. त्याने विजेचा दाब बदलून वाचून पाहिले, चिप पुन्हा बसवून पाहिली. न पुसलेल्या एका कोपऱ्यात आवाजाचा तुकडा सापडला, तेव्हा त्याने तो लगेच लावला. ती रेकॉर्डरचे बटण दाबल्याची नुसती टिक होती.

तो परतला, तेव्हा वहिनीने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

"माझंच काहीतरी चुकलं ना? चार्जरमुळे?"

त्याच्याकडे युक्तिवाद तयार होता. चिपने पहिल्या काही मिनिटांतच सारे पुसले असेल. मग वीज कधी तोडली याला अर्थच उरत नाही. हे खोटे ठरवणे कोणालाच शक्य नव्हते. शिवाय नुसते गप्प राहिले, तरी भागणार होते. दोष आपल्या पदरात घ्यायला ती तयारच बसली होती.

"चार्जरमुळेच," तो म्हणाला. "पण चूक तुमची नाही. काढून ठेवा, असं मी सांगायला हवं होतं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि फोनवर थट्टा करत बसलात?"

वहिनीने चार्जर सॉकेटमधून काढला, वायरची नीट गुंडाळी केली आणि ती हातातच धरून बसली. तिच्या डोळ्यांत आता पाणीही नव्हते.

"मी दोन दिवस त्या दिव्याकडे बघत बसले होते, भावोजी. वाटायचं, तो जळतोय तोवर हे आत आहेत." मग आतल्या खोलीकडे बघत ती म्हणाली, "ठकीला सांगितलंय मी, काका गोष्टी घेऊन येणार म्हणून. आता तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

तो उठला. आतल्या खोलीत ठकीने दोन उशा भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, एक तिची, एक त्याच्यासाठी. त्याला पाहताच ती सरकून बसली.

"काका, आधी छोटी गोष्ट लावू या की मोठी?"

त्याने आत जाऊन दार लोटून घेतले.