इर्जिकीची हजेरी

माझी धाकटी बहीण मंगला हिचं लग्न झालं ते १९७६ साल. वैशाखात लग्न झालं आणि त्याचा सगळा खर्च मी केला. नाशिकहून बँड आणला, पंगतीला बुंदी ठेवली, नवऱ्या मुलाला मनगटी घड्याळ दिलं. ओझरच्या बाजूला एका कारखान्यात मी हेल्पर होतो आणि नुकताच कायम झालो होतो. आमच्या सायखेड्याच्या वस्तीत महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार मिळणारा मी पहिलाच. लग्नात लोक माझ्या वडिलांशी बोलायचे सोडून माझ्याशी बोलत होते. ते माझ्या डोक्यात गेलं.

त्याच पावसाळ्यात बा बैलगाडीवरून पडला. बा म्हणजे माझे वडील, सहादू. मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात महिनाभर राहून, कमरेपासून प्लास्टर घालून तो घरी आला. बाजरी निघाली होती. गोदावरीकडेचं आमचं चार एकर रान हरभऱ्यासाठी नांगरायचं होतं आणि बा बाजेवर आडवा. शेजारचे पुंजाआबा आले. बाच्या बरोबरीचे. उभ्या उभ्याच म्हणाले, "सहादू, तू पडून ऱ्हा. गुरवारी तुझ्या रानात इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. एकाचं काम अडलं की बाकीचे आपापली अवजारं आणि बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि एका दिवसात काम उरकून देतात. त्याचा पैसा नसतो. घरधन्याने फक्त जेवू घालायचं. आमच्या वस्तीत पुरी जोडी दोघांकडेच होती. बाकी कुणाचा एक बैल, कुणाचा एक. दोघं मिळून एक जोडी करायचे.

मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेलो. आईने, विठाबाईने, पहाटेच चूल पेटवली होती. मोठ्या पातेल्यात मटण, आणि भाकरी थापायला शेजारच्या तीन बायका. बाला आम्ही बाजेसकट उचलून बांधावरच्या बाभळीखाली ठेवला. सहा नांगर रानात उतरले. बा पडल्या पडल्या ओरडत होता, "ए वाळू, तासाला तास लाव. तुझी नजर कुठं हाय?"

"नजर पातेल्याकडं हाय, तात्या!" वाळू म्हणाला. वाळू माझ्याच वयाचा. त्याच्या तोंडाला कुणी पुरं पडत नसे.

मला नांगर धरायला कुणी सांगितलं नाही आणि मीही पुढे झालो नाही. कारखान्याची पँट घातली होती. त्याच वर्षी मी लिहायला शिकलो होतो, चौतिसाव्या वर्षी. आमच्या खात्यातला कारकून रावजी जेवणाच्या सुट्टीत मला अक्षरं गिरवायला लावायचा. तोवर पगाराच्या कागदावर मी अंगठा देत होतो. सही यायला लागली तसं दिसेल ते लिहावंसं वाटायचं. त्या दिवशी खिशात वही होती. बांधावर उकिडवा बसून मी एकेकाचं नाव लिहू लागलो. नाव, बैल किती, किती वाजता आला.

वाळूने ते पाहिलं. "काय रं सावळ्या, मुकादम झालास व्हय? दुष्काळी कामावर असंच लिवायचे."

"लिहून ठेवतो, ध्यानात राहावं म्हणून."

"मंग माझं नाव नीट लिव. वाळू मंजी नदीतली नाय. न्हाईतर टरकात भरून न्यायचा कुनी."

सगळे हसले. पुंजाआबा नांगर थांबवून जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "माझं कंचं?" मी बोट ठेवलं. त्यांनी हाताची माती धोतराला पुसली आणि त्या अक्षरांवरून एक बोट फिरवलं. "लय लांबडं दिसतं," म्हणाले आणि परत गेले. ते किती खूश झाले होते हे मला तेव्हा दिसलं, तरीही मी पुढचं केलं.

दुपारी रान झालं. सगळे हातपाय धुऊन बाभळीखाली ओळीने बसले. आई पातेलं घेऊन येत होती. मी उभा राहिलो आणि पगाराच्या दिवशी कारखान्यात पुकारतात तशी नावं पुकारली. "पुंजा रखमा!" आबा चमकून उभे राहिले. "वाळू किसन!" वाळूने कपाळाला हात लावून सलाम ठोकला, "हजर, सायेब!" पुन्हा हशा झाला. लोकांना वाटलं, सावळीराम गंमत करतोय. मग मी खिशातून नोटा काढल्या. नव्या, कोऱ्या, पाच-पाचच्या. पहिली आबांच्या हातावर ठेवली.

हसणं थांबलं.

आबांनी नोट उलटीपालटी केली. "कशाचे रं हे?"

"मजुरीचे, आबा. तुम्ही दिवस मोडलात. आता आमच्याकडे आहे तर फुकट कशाला?"

"हे माझे की बैलाचे?"

मला तो टोला कळला नाही. मी खरंच हिशोब सांगितला. "माणसाचे पाच. बैलाचे वेगळे देतो."

बाजेवरून बा ओरडला, "सावळ्या! आरं गप!" पण त्याला उठता येत नव्हतं. मी ओळीने नोटा वाटत गेलो. कुणी नाही म्हणालं नाही. प्रत्येकाने घेतली. वाळूनेही घेतली, एक शब्द न बोलता. मला वाटलं, बघा, पैसा कुणाला नको असतो?

सगळ्यांच्या हातात नोटा आल्यावर पुंजाआबा आईला म्हणाले, "विठाबाई, पातेलं खाली ठिव. आमी जेवत नाय."

"आसं काय करता भावजी? कवाधरनं रांधतीय मी."

"मजूर घरची भाकर खातो. मालकाच्या पंगतीत त्याचं ताट नसतंय. आज आमी मजूर." त्यांनी नोट धोतराच्या कनवटीला लावली आणि बैल सोडले. एकामागून एक सगळे उठले. बांधावर आम्ही घरची माणसं राहिलो आणि भरलेलं पातेलं.

 बा माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या तरणेपणी गावाची वेठ केली मी. कुनी हाक मारली की पळायचं. लाकडं फोडली, सांगावे पोचवले, शिळं घिऊन आलो. नंतर मजुरी केली. आर्धा जल्म दुसऱ्याच्या बांधावर. येक इर्जिकीचा दिस आसा, का त्या दिशी आपल्यात कुनी मालक नाय, कुनी मजूर नाय. त्यो दिस तू इकत घेतला. पाच रुपयाला."

"बा, मी तुझ्यासाठीच..."

"तुझ्या पँटीसाठी केलं तू."

पुढच्या वर्षी आमच्या रानात कुणी आलं नाही. भांडण नव्हतं. रस्त्यात भेटले की बोलायचे, बाच्या पायाची चौकशी करायचे. इर्जिकीचं नाव कुणी काढलं नाही आणि बानेही काढलं नाही. मी ट्रॅक्टर लावला. दोन तासांत रान उलटंपालटं झालं. आईने सवयीने चार भाकरी जास्त केल्या होत्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मावशी, अजून तीन ठिकाणी जायचंय. पैसे घेऊन तो गेला.

बाचा पाय वाकडा जुळला होता. नांगर धरणं संपलं. तरी वस्तीत कुणाचीही इर्जिक असली की काठी टेकत तो जायचा. बांधावर बसून तुटलेले कासरे गाठी मारून द्यायचा, बैलांना पाणी दाखवायचा. लोक त्याला पंगतीत बसवायचे. आई सांगायची, तो अर्धी भाकरी खातो आणि उठतो. "तुझं फेडतोय," एवढंच ती म्हणायची.

एकदा मी पुंजाआबांकडे गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नाशिकच्या मेनरोडवरून नवसाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भारी लुगडं घेतलं. नवसाबाईंनी ते मांडीवर घेतलं, काठावरून हात फिरवला आणि तसंच घडी करून परत माझ्यापुढे ठेवलं. "लय झ्याक हाय. पर कशापायी आणलं?"

 आबाच बोलले. "सावळीराम, तू चुकला, त्ये झालं. आता बापाला वंगाळ वाटतं, त्ये मातर रोज व्हतंय. तुला भरून काढायचंय ना? मंग तुझा येक दिस दे. रजा टाक, पगार बुडव, आन कुनाच्याबी इर्जिकीला ये. नांगर धर. संपलं."

"येतो, आबा. पुढच्या साली नक्की."

पुढच्या साली मी गेलो नाही. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम मिळायचा, तो दुप्पट दराने. नेमकी तेव्हाच इर्जिकी असायच्या. त्याच्या पुढच्या साली लता, माझी बायको, बाळंत झाली. नंतर खोल्यांचा स्लॅब. कारणं सगळी खरी होती. पण रजेच्या अर्जावर लिहायला दोन ओळी लागत होत्या आणि त्या मला येत होत्या. दर वर्षी बा आईला विचारायचा, सावळ्याचं काय कळलं का? आई मला ते सांगायची आणि मी मान खाली घालून जेवायचो.

असं १९८३ पर्यंत चाललं. त्या पावसाळ्यानंतर बाला दम लागू लागला. आईने माहेरी आलेल्या मंगलाकडून पत्र लिहवून पाठवलं. पुंजाआबांची इर्जिक गुरुवारी आहे. बा म्हणतो, ये.

आमच्या खात्यात साप्ताहिक सुट्टी पाळीप्रमाणे बदलायची. त्या आठवड्यात माझी सुट्टी गुरुवारीच होती. ना रजा टाकायची, ना पैसा बुडायचा. मी सकाळची एस.टी. पकडून गेलो.

बा आबांच्या बांधावर घोंगडी टाकून बसला होता. मला लांबून येताना पाहून काठीवर जोर देऊन उभा राहिला. त्याचा पहिला शब्द हा होता, "रजा टाकली?"

मी म्हणू शकत होतो, आज सुट्टीच आहे बा. त्याला तेही चाललं असतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, "टाकली."

"पगार कापत्यात?"

"कापतात."

बा वळला आणि रानाकडे तोंड करून ओरडला, "ए पुंजा! पोरगा आला! रजा टाकून आलाय, पगार बुडवून!" त्याला खोकला आला, तरी तो हात हलवत राहिला. वाळू नांगर सोडून आला आणि माझी पँट बघून म्हणाला, "सायेब, ती गुडघ्यापोतर मुडपा. आन वही घरी ठिवली ना?"

मी नांगर धरला. सात-आठ वर्षांत हात विसरले होते. फाळ वर यायचा, तास वाकडं जायचं. वाळू मागून म्हणायचा, "सायकल नाय ती, दाबून धर!" तळहाताला फोड आले. बा बांधावरून प्रत्येक तास बघत होता आणि शेजारी बसलेल्या नवसाबाईंना सांगत होता, "लहानपनी यालाच पैला नांगर धराया लावला व्हता मी." लोक हसत होते, मला नावं ठेवत होते, आणि त्या हसण्यात मी पुन्हा त्यांच्यातला झालो होतो. तेच मला सहन होत नव्हतं.

पंगत बसली. आबांनी मला स्वतःच्या शेजारी बसवलं. पहिली भाकरी माझ्या ताटात टाकताना त्यांनी हळूच विचारलं, "खरंच बुडवला का रं दिस?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग फिटलं," ते म्हणाले. "खा आता."

मी खाल्लं. बाने त्या दिवशी पुरी भाकरी खाल्ली, वरून रस्सा मागून घेतला. संध्याकाळी एस.टी.पर्यंत सोडायला आला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता. पोस्टाच्या ओट्यावर बसलेल्या, आमची काही माहिती नसलेल्या एका म्हाताऱ्यालाही त्याने सांगितलं. मी बाजूला उभा होतो. गाडी आल्यावर बाने माझा फोड आलेला हात उलटा करून पाहिला आणि सोडला.

गाडीत मी ठरवलं की पुढच्या साली खरी रजा टाकायची. पगार कापून घ्यायचा. मग आबांना एकट्याला गाठून सांगायचं, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो, आज खरं देतो. बाला सांगायचं नाही असंही ठरवलं. त्याच्या तोंडावरचा तो आनंद बघितल्यावर सांगण्याची माझी छाती नव्हती. आणि खरं तर कारण एवढं चांगलंही नव्हतं. मला त्या पंगतीतली जागा आवडली होती आणि ती खोट्यावर मिळालेली असली तरी सोडायची नव्हती.

पुढची इर्जिकीची वेळ यायच्या आत दोघंही गेले. माझे वडील सहादू १९ फेब्रुवारी १९८४ रोजी सकाळी सायखेड्याला राहत्या घरी वारले. पुंजाआबा त्याच वर्षी, पोळ्याच्या आठ दिवस आधी वारले.