डाव्या चाकाची खीळ

मित्रांनो, मी शंकरपटाचा जुना छकडा आहे. बैलांच्या शर्यतीत धावलो, आता एका चाकावर कलून पडलो आहे.

आरमोरीच्या जहीरभाई सुतारांनी मला घडवलं. शर्यतीचा छकडा हलका हवा, म्हणून त्यांनी साग इतका तासला की त्यांची बायको शमीम म्हणाली, "छकडा बनवून राह्यले का पतंग?" शेवटी चाकं निसटू नयेत म्हणून त्यांनी आसाच्या टोकांना लोखंडी खिळी घातल्या.

माझे मालक हरिदासभाऊ. त्यांची जोडी वेगवान, जीभ त्याहून वेगवान. मागच्या पटात त्यांनी शेजारच्या मुखरूभाऊंना हरवलं आणि टपरीवर चारचौघांत म्हणाले, "मुखरूभाऊ, तुमचे बैल पटाचे नाई जी, वरातीत शोभतीन!" सगळे हसले. मुखरूभाऊही हसले, वर चहा हरिदासभाऊंकडूनच प्याले. पण त्यांच्या मुलाला, प्रफुलला, हसू आलं नाही. बापानं चहाबरोबर गिळलेलं ते बोलणं पोरगा वर्षभर चघळत राहिला.

प्रफुलची मोठी बहीण रंजीता पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायची. गावातली पोरं तिच्या मागे पडायची. घरचे बैलही पटात तीच हाकायची.

यंदाच्या पटाला मालक बैलांना पाणी पाजायला गेले, तेव्हा प्रफुल आला. त्यानं माझ्या डाव्या चाकाची खीळ काढून खिशात टाकली आणि तिथे भाताच्या तणसाची काडी खोचली. मला ओरडायचं होतं. पण लाकडाला करकरण्यापलीकडे काय येतं? मग हरिदासभाऊ पडताना नीट दिसावेत म्हणून तो पटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

इकडे मुखरूभाऊंच्या छकड्याचं जू ऐनवेळी तडकलं. आमच्या गावची चाल अशी, की एकाचा छकडा मोडला तर ज्याच्याशी चुरस त्यानंच आपला द्यायचा. हरिदासभाऊ मला स्वतः ओढत घेऊन आले. "घे पोरी, माहा ने. हरली तं छकड्याचं नाव सांगू नोको!"

रंजीता हसत चढली.

अर्ध्या वाटेत चाक निसटलं. टोकाला उभ्या प्रफुलनं आधी आनंदानं हात वर केला. मग त्याला हाकणारीची वेणी दिसली.

तिचा पाय दोन जागी मोडला. भरतीची धाव पुढच्याच महिन्यात होती. गावानं ठरवून टाकलं की खीळ काढून छकडा देण्याचं हे काम हरिदासचंच. त्यांच्या ओट्यावर कुणी बसेना. एका सकाळी मुखरूभाऊ काठी घेऊन हरिदासभाऊंच्या घराकडे निघाले. पटानंतर मी मोडका मुखरूभाऊंच्याच अंगणात होतो. बाजेवर प्लास्टरातली रंजीता होती.

"प्रफुल," ती म्हणाली, "तू तं बैल धराले सुरुवातीले राह्यतोस. त्या दिशी त्या टोकाले काऊन होता?"

प्रफुलनं खिशातून खीळ काढली आणि बाजेवर ठेवली. मुखरूभाऊ दारातच थांबले.

"बाबा, त्यानं तुमाले टपरीवर वरातीचे बैल म्हटलं होतं..."

"कोनती टपरी?" मुखरूभाऊंना खरंच आठवेना. "कवा म्हटलं?"

त्यांच्या हातातली काठी गळून पडली. रंजीतानं तोंड भिंतीकडे वळवलं.

प्रफुल स्वतः हरिदासभाऊंकडे गेला आणि सगळं सांगून आला. भरती मात्र होऊन गेली.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल द्या, असं मी मागणार नाही. एवढंच मागतो, की ज्याच्यासाठी राग सांभाळून ठेवला आहे, त्याला एकदा विचारून घ्या, त्याला तो हवा आहे का.

रंजीता आता कुबडीवर अंगणात येते आणि दमली की माझ्या दांडीला टेकते. तेवढा भार मी अजून पेलतो.