सत्यभामाबाईंचा मसाल्याचा डबा

आमच्या घरात वर्षाचा मसाला भाजायचा मान माझा. तो मला कुणी आपणहून दिला नाही, सासूबाईंच्या हातून मी जवळपास ओढूनच घेतला, आणि हातपाय चालतात तोवर सोडायचा नाही असं ठरवलं आहे. म्हणून दिवाळीतल्या तापात मला वास येईनासा झाला तेव्हा मी घरात अवाक्षर काढलं नाही. ताप उतरला, खारट-तिखट कळायला लागलं, पण नाक काही ताळ्यावर येईना. हिंगाची डबी काय आणि हळदीची काय, मला दोन्ही सारख्याच.

रोजचा स्वयंपाक निभावून जायचा, हाताला सवय असते. मसाल्याचं तसं नाही. धन्याचा वास घरभर झाला की धने उतरवायचे, कलमीचा, म्हणजे दालचिनीचा, गोडसर वास सुटला की कलमी, एवढीच माझी विद्या. रंगावर जावं तर मिरी आणि दगडफूल आधीच काळे. त्यात रविवारी सत्यभामाबाई येणार होत्या. या माझ्या मोठ्या नणंदबाई. बडनेऱ्याजवळच्या आमच्या वांग्याच्या वावरात दरसाल रोडग्यांचं जेवण होतं, त्याला त्या अकोल्याहून रिकामा डबा घेऊन येतात आणि माहेरचा मसाला भरून नेतात. मसाला बिघडला तर पुढच्या साली कढई माझ्या सुनेच्या, पौर्णिमाच्या हाती जाणार हे उघड होतं. पोरगी गुणाची आहे, पण कढई माझी आहे.

मग मला आमच्या ह्यांची आठवण झाली. मिरची भाजायला घेतली की खुशालरावांना अशा शिंका येतात की शेजारची गाय दचकते. लग्न झाल्यापासून मी त्यांना मसाल्याच्या दिवशी घराबाहेर काढत आले. औंदा मात्र दिवाळीपासून त्यांनी स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकला होता. चहा तिथे, पेपर तिथे. थंडीमुळे असेल म्हणून मी कुरकुरत त्यांच्या पायांवरून ये-जा करायची.

"अवो, लसूण सोलून द्या. इथंच बसा," मी म्हटलं.

"मिरची भाजून राहिली ना तू? अन् मले इथं बसवतं?"

"म्हनूनच म्हनते, बसा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लसूण पुढ्यात ओढून बसले. मिरची तापली, शिंका सुरू झाल्या, मी मिरची उतरवली. माझ्या हुशारीवर मीच खूश झाले. पण धन्यांना कोण शिंकतं? मी धने हलवत उभी, आणि कधी थांबायचं ते कळेना.

"धने उतरव," मागून आवाज आला.

"तुमाले कोनं इचारलं?"

"कोनी नाई. उतरव."

मी उतरवले. पुढे खोबऱ्यालाही तेच, कलमीलाही तेच. दगडफुलाला म्हणाले, "राहू दे अजून जराक." ज्या माणसानं जन्मभर जेवणावर "मीठ कमी हाय" यापलीकडे शब्द खर्च केला नाही, तो मला मसाला शिकवत होता. मनातल्या मनात मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. मात्र ते म्हणतील ते आणि म्हणतील तेव्हाच उतरवलं.

रविवारी वावरात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, गंजभर वांग्याची भाजी झाली. सत्यभामाबाईंनी घाम पुसत दोनदा रस्सा घेतला आणि म्हणाल्या, "मिरी जास्त हाय." हे त्या दरसाल म्हणतात. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली.

"रुख्मिणी, ही कलमी पाय बरं. दुकानदार नवी म्हनते, मले जुनी वाटून राहिली. तुह्यं नाक पक्कं हाय."

पुडी त्यांनी माझ्या नाकाशी धरली. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मी दीर्घ श्वास घेतला. काही नाही. नवी की जुनी, ठोकून द्यायचं मनात आलं, पण जीभ उचलेना. तेवढ्यात हे ताटावरून उठले, वाकून पुडीत नाक घातलं आणि म्हणाले, "जुनी हाय. भुशासारखा वास येते."

"खुशाल, तुले कोनं इचारलं?" बाई म्हणाल्या.

लोक हसले. मला हसू येईना. हा माणूस माझ्यासाठी भरल्या पंगतीतून उठला होता, आणि आता लपवणं मलाच लाजिरवाणं वाटायला लागलं.

"बाई, मले वास येत नाई," मी म्हटलं. "तापापासून. औंदाचा मसाला ह्यांच्या नाकानं भाजला."

पौर्णिमाचा वाढता हात थांबला. बाईंनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून रिकामा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"भर मंग."

"मिरी जास्त हाय म्हनता ना?"

"ते त्याच्या नाकाची चूक. पुढच्या साली भाजशीन तवा त्याले नीट बसवत जा."

घरून आणलेल्या मसाल्यानं मी डबा काठोकाठ भरला. झाकण लागेना, तरी भरला.

परतताना मी ह्यांना विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"दूध करपून राहिलं होतं, अन् तू शेगडीपाशी उभी राहून भाजी निवडत होती."

म्हणजे दिवाळीतच. थंडीबिंडी काही नव्हती, माणूस शेगडीची राखण करत बसला होता.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू सांगतलं नाई म्हनून."

घरी गेल्यावर मी चहा टाकला आणि त्यांचा पाट शेगडीजवळ सरकवून ठेवला.