ओटीपी न आलेली दुपार

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या मराठी गणेश मंडळाने मला नई सडकेवरून विकत आणलं. जो खजिनदार, त्याच्या खिशात मी. पावत्यांवर आणि बँकेच्या खात्याला माझाच नंबर, त्यामुळे मोदकांच्या ऑर्डरीपासून आरतीच्या पाळीपर्यंत सगळे मलाच विचारत. अध्यक्ष मंदाताई म्हणायच्या, "हा आहे म्हणून मंडळ चालतं!" माझी छाती फुगायची.

मित्रांनो, मग अंबरीश खजिनदार झाला. आरतीला तबला गोड वाजवायचा, पण व्यवहारात अगदीच भोळा सांब. ऑनलाइन सट्टा चालवणाऱ्या दिग्विजयसिंहने त्याला बरोबर हेरलं. म्हणाला, परदेशातून सट्ट्याचा पैसा येईल, दोन दिवस मंडळाच्या खात्यात थांबेल, पुढे जाईल. बदल्यात मंडपाचा खर्च निघेल. अंबरीशला वाटलं, गणपतीच्या नावाने आलेला पैसा कोण तपासतो?

बँकेने तपासला आणि खातं गोठवलं.

दुसऱ्याच दुपारी दिग्विजयसिंह दोन माणसं घेऊन अंबरीशच्या घरात शिरला. पहिल्याच लाथेत अंबरीश तबल्यावर कोसळला.

"पैसा वापस भेज! ओटीपी बता!"

"खाता बंद है भैया, ओटीपी आएगा ही नहीं!"

ऐकतो कोण? दोघांनी त्याचा हात फरशीवर दाबून धरला. दिग्विजयसिंहने मला मुठीत घेऊन त्याच्या बोटांवर आपटलं. करंगळी माझ्याच अंगाखाली मोडली. मग त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं. मी गप्प. पुन्हा आपटलं. जन्मभर ऊठसूट वाजणारा मी, त्या दिवशी एका निरोपासाठी तडफडत होतो. चार बोटं मोडली तरी तो आला नाही. "शाम को फिर आएंगे," म्हणत मला भिंतीवर भिरकावून ते गेले.

ओरडा ऐकून मंदाताई धावत आल्या. अंबरीशने रडत सगळं सांगितलं. "ताई, पोलिसात नका जाऊ. मंडळाची बदनामी होऊन जाईल. मी जिन्यावरून गिरलो, असंच सांगा."

"होऊ दे बदनामी! यंदा गणपती नाही बसला तरी चालेल. तुझी अर्थी नको उठायला."

त्याला शेजाऱ्यांबरोबर दवाखान्यात धाडून त्या मला घेऊन पोलीस ठाण्यात जायला रिक्षात बसल्या. सवयीने पदराने मला पुसायला लागल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला स्वच्छ ठेवा. मला हात असते तर जोडून उलटं मागितलं असतं. ताई, पुसू नका हो! माझ्या बटणांच्या फटीत अंबरीशचं रक्त आहे. हवालदारासमोर ठेवेपर्यंत ते तसंच राहू द्या.