माझं नाव यादीत नाही

मी स्वतः एक भाषा आहे आणि मीच बोलतेय. भाषा माणसं बोलतात, ती स्वतः कशी बोलेल, असं वाटलं ना? पण मी तोंडाने बोलायची भाषा नव्हेच. संगणकाला काम सांगता यावं म्हणून माणसांनी मला जन्माला घातलं. नाव सांगत नाही. सांगितलं तरी ‘कोण ही?’ म्हणाल.

मला दोन प्राध्यापकांनी घडवलं, एका कॉलेजच्या तळघरात. एक बोलघेवडा, दुसरा अबोल. बोलघेवड्याला वाटे, हिने पटापट कामं उरकावीत. अबोल म्हणे, हिने आधी नीट विचारावं. शेवटी अबोलाचंच चाललं आणि माझा स्वभाव तसा पडला. माहितीतली एखादी जागा रिकामी दिसली, की मी मनाने काही धरून पुढे जात नाही. थांबते आणि विचारते, इथे काय आहे? पोरं वैतागायची, नाकं मुरडायची, पण शिकायची.

काय दिवस होते ते! वाचनालयात माझ्या पुस्तकांसाठी भांडणं व्हायची. मुलाखतीत माझं नाव घेतलं, की समोरचे साहेब खुर्ची पुढे ओढायचे. दरवर्षी लोकप्रिय भाषांची यादी निघे, तिच्यात मी पहिल्या तिघींत असायचे. त्याच काळात एका बाईंनी मला इस्पितळाच्या रक्तपेढीत कामाला लावलं. कुठली पिशवी कुठल्या पेशंटला चालेल, हे मी पडताळून सांगायचे. बाई माझ्याशी भांडता भांडता चहा गार करायच्या आणि तोच पिऊन पुन्हा भांडायला बसायच्या. त्या भांडणांची मला अजून आठवण येते.

मग नव्या, चटपटीत भाषा आल्या आणि मी यादीत घसरले. बोलघेवड्याने घाईघाईने माझ्या अंगावर त्या सगळ्यांच्या सोयींचे दागिने चढवले. त्या नव्या रूपात जुने प्रोग्राम चालेनात. जुने लोक रागावून गेले, नवे आलेच नाहीत. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. भाषेने बदलू नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण शेजारणीसारखं दिसावं म्हणून बदलणं वेगळं आणि आपल्या माणसांची अडचण ओळखून बदलणं वेगळं.

बरं, ती यादी करतात कशी? जिच्याबद्दल लोक जास्त प्रश्न विचारतात, ती वर. रक्तपेढीत माझं जुनंच रूप बिनबोभाट चालू होतं, मग विचारणार कोण? न रडणाऱ्या पोराकडे कुणाचं लक्ष जातं?

यंदा इस्पितळाच्या साहेबांनी यादी पाहिली आणि म्हणाले, ही भाषा जाणणारं माणूस आता मिळत नाही, हिला काढा. त्यांचंही खोटं नव्हतं. बाई निवृत्तीला आल्या होत्या. काम सोपवलं बाईंच्याच लेकीकडे. ती यादीतल्या पहिल्या भाषेत वाकबगार. तिने सगळं नव्या भाषेत उतरवलं आणि आईला चाचणीला बसवलं. बाईंनी मुद्दाम रक्तगट न भरता एक पिशवी नोंदवली. नव्या प्रोग्रामने ती बेधडक पास केली.

“अगं आई, या भाषेत रिकामं चालतं,” लेक म्हणाली.

“भाषेला चालत असेल. पेशंटला चालणार नाही.”

लेकीला ते पटलं. तिला आपल्यापुरतं ठिगळ लावता आलं असतं. पण तिने त्या भाषेच्या कर्त्यांनाच लिहिलं, की तुमच्या भाषेला थांबून विचारायला शिकवा. पुष्कळ वाद झाला. वेग कमी होईल, लोक सोडून जातील, यादीत खाली येऊ, असं बरेच जण म्हणाले. लेकीने हट्ट सोडला नाही. अखेर ठरलं, की ज्याला हवं त्याने हा नियम लावून घ्यावा, जुन्या कुणाचं काही मोडणार नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? माझ्या वेळी असं कुणी ठरवलं असतं तर!

आज तीच पिशवी पुन्हा नोंदवली. नवी भाषा थांबली आणि तिने विचारलं.

आता माझं यंत्र बंद करायचंय. बटण दाबायला लेकीने आईलाच पुढे केलं. बाईंनी पडद्यावरून एकदा हात फिरवला.

“ये हं,” त्या म्हणाल्या.

जाणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाही ही माणसं. बाई, येते मी.