गादीवालीचा फोन

अण्णांनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन लावून परक्या माणसांची बोलणी जोडून देत. तिथला एक नियम होता: ऑपरेटरनं स्वतःहून लाइन तोडायची नाही. समोरच्यानं ठेवला की मगच आपण ठेवायचा. नोकरी संपली, एक्स्चेंजची इमारतही पाडली, पण तो नियम अण्णांच्या मागोमाग घरी आला. फोनवरून वस्तू विकणाऱ्यांना आणखी काय हवं?

घरात आम्ही बापलेक दोघंच. पुढच्या खोलीत मी शिलाई मशीन टाकलंय. कुणाची चेन बदल, कुणाची पँट आखूड कर, असली दुरुस्तीची कामं. फोनही त्याच खोलीत. सकाळी दहाला जो खणखणायला लागायचा तो संध्याकाळपर्यंत. विमा, पाण्याचं मशीन, सोफा धुण्याची पावडर, डोंगरावरच्या बंगल्यात दोन रात्री. अण्णा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायचे, वर जेवलात का म्हणून विचारायचे. त्यांच्या कृपेनं निम्म्या शहराच्या विमा एजंटांना माझं वय आणि माझं लग्न का जमलं नाही ते ठाऊक झालं होतं. एकदा फुकट प्रात्यक्षिक दाखवायला व्हॅक्यूम क्लीनरवाला दारात आला. त्यानं आधी सतरंजीवर मुद्दाम धूळ टाकली आणि मग त्याचं यंत्रच चालू होईना. ती धूळ एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर बसली.

मी फोन कंपनीकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच फोन आला, तक्रारीच्या निवारणाबद्दल समाधानी आहात का म्हणून. त्यांच्याशी अण्णा वीस मिनिटं बोलले.

"ठेवून द्यायला काय होतं तुम्हाला?" मी म्हणायचे.

"अगं, त्यांचंही पोट आहे."

"आणि माझं पाठीला लागलं तरी चालेल."

यावर ते हसायचे आणि फोन वाजला की माझ्याआधी उठायचे.

शेवटी मी फोन उचलून माझ्या मशीनशेजारी आणून ठेवला. तुमचे गुडघे दुखतात, उगाच ऊठबस नको, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं. त्याच दुपारी एक बाई अंगात अर्धवट उसवलेला कोट घालून माझ्यासमोर उभ्या, माझ्या तोंडात टाचण्या, आणि फोन. विमेवाला. साहेब आहेत का? अण्णा आंघोळीला गेले होते. मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "ते वारले. या नंबरवर पुन्हा फोन करू नका."

समोरून सॉरी आलं आणि फोन कट. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. कोटवाल्या बाईंनी अण्णांना बाथरूममधून गुणगुणताना ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, खोटं मरण सांगितलं की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात.

त्या हिशोबानं अण्णा शतक गाठणार. आठवडाभरात मी त्यांना नऊ वेळा मारलं. कधी हृदयविकारानं, कधी नुसत्या म्हातारपणानं. हात इतका बसला, की मशीनवरचा पायही थांबत नसे. अण्णा बहुतेक आत पेपर वाचत असत, आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतका आवाज मी खाली ठेवत असे.

दहावी निघाली गादीवाली. ही मुलगी दर मंगळवारी अकरा वाजता पाठदुखीच्या गाद्यांसाठी फोन करायची. दीड वर्षात अण्णांनी एक उशीसुद्धा घेतली नव्हती, तरी करायची. अण्णा मंगळवारी केस विंचरून बसायचे, फोनवर कोण बघतंय देव जाणे. तिनं "आजोबा आहेत?" म्हणून विचारलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ती लगेच ठेवेना.

"झोपेत गेले का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि मीच ठेवून दिला.

मग घर शांत झालं. मला हवं होतं तसंच. चार दिवस मी मन लावून काम केलं. पाचव्या दिवशी अण्णा बाहेर आले, रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि परत ठेवला. "लाइन चालू आहे," ते म्हणाले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. "तिची नोकरी गेली असेल का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असेल. हे बोलताना माझी मान मशीनवरून वर निघाली नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, पण सांगायची हिंमत नव्हती. काय सांगणार? तुम्हाला मारून ठेवलंय म्हणून?

तिसऱ्या मंगळवारी अकरा वाजता मी दारात एका गिऱ्हाइकाला पँटचं माप दाखवत होते तेव्हा फोन वाजला. मी पोचेपर्यंत अण्णांनी उचलला होता.

"बोल गं," ते आनंदानं म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नाही बाळ," ते म्हणाले. आवाज त्यांनी जरा जाड केला होता. "मी त्यांचा भाऊ बोलतोय. हो, सगळे म्हणतात आवाज सारखाच आहे. सख्खा भाऊ ना." पुन्हा ऐकणं. "नाही, त्रास काही झाला नाही. झोपेतच." पुन्हा. "तुझं नाव काढायचे. हो. मंगळवारी."

गिऱ्हाईक पँट घेऊन केव्हा गेलं मला कळलं नाही. पलीकडून फोन ठेवल्यावर अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि माझ्या स्टुलावर बसले.

"आईला विचारून विचारून शेवटी आज केला म्हणाली," ते म्हणाले. "असा फोन करावा की करू नये, कळत नव्हतं तिला. रडत होती."

"अण्णा, मी तिला परत फोन लावते. खरं काय ते सांगते."

"नको. मग तू खोटं बोललीस असं होईल." त्यांनी फोनची वायर सरळ केली. "आता मला तिच्याशी बोलता यायचं नाही. आज खपलं, पुन्हा बोललो तर आवाज ओळखेल."

माफी मागायची तर त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नव्हता.

"शेवटी तिनं तुझी चौकशी केली," ते म्हणाले. "मुलगी एकटीच होती ना त्यांना, फार लागलं असेल तिला, म्हणाली."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, हो, फार लागलं," अण्णा म्हणाले, आणि उठून आत गेले.