चपलांची राखण

जुनी तपकिरी चप्पल कापडी पिशवीत गेली, नाडी आवळली गेली, आणि धक्क्यावरचा माणूस हसून म्हणाला, या बेटावर सगळे अनवाणीच फिरतात, निघताना चपला परत मिळतील... मालतीबाईंचा धंदाच बसला.

चपला राखण्यात फायदा केवढा होता! नागाव म्हणा, मुरूड म्हणा—घरचे सगळे पाण्यात, आणि पेणच्या शाळेतल्या या बाई वाळूत, चपला, चष्मे, टॉवेल सांभाळत; वर ‘मालती किती करते सगळ्यांचं’ हे कौतुक फुकट. पाण्याची भीती वाटते हे कधी सांगावंच लागलं नाही. लहानपणी नागोठण्याला माहेरच्या घरात अंबा नदीच्या पुराचं पाणी शिरलं, चुलीवरचं पातेलं तरंगत माझ्याकडे आलं, तेव्हापासून... नाही, ह्यांनाही नाही सांगितलं.

इथे सांभाळायला काहीच नाही. छत्र्यांखाली नवी जोडपी, पाण्यात पोरं, आणि समुद्र इतका नितळ की गढूळ आहे म्हणायचीही सोय नाही.

“आई, चला ना,” सून इशिता म्हणाली. मग चेहरा पाहून शेजारीच बसली. “बरं, मी थांबते तुमच्यापाशी. बाबा, आज तुम्ही जा.”

मोरोपंतांनी बायकोकडे पाहिलं.

“मला काय विचारता? जा की. कमरेच्या पुढे मात्र नको.”

ते कमरेच्या पुढे गेले. आणि मग—एक हात, दुसरा हात—सरळ पोहतच निघाले, मुलालाही मागे टाकून.

“बाबा, तुम्हाला पोहता येतं?” अनय ओरडला.

“भोगावती नदीत शिकलोय, लेका! तुझ्यासारखा क्लास लावून नाय!”

इशिता टाळ्या पिटत होती. मालतीबाई मात्र मनाने मुरूडला होत्या, नागावला होत्या—दर वेळी हे पाच मिनिटांत बाहेर, “मीठ झोंबतं गं” म्हणत शेजारी येऊन बसणार. आणि रोह्याच्या नणंदांसमोर मी खुशाल थट्टा करणार, आमचे हे साखरेचे, विरघळतील म्हणून... माझ्या भीतीचं सांगितलं नव्हतं, तर ह्यांना कळलं कधी? आणि कळूनही बोलले कसे नाहीत, एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी गप्प न बसणारा माणूस!

राग यायला हवा होता, आला नाही. दूरवर पांढरं डोकं वरखाली होत होतं. सहलीचे पैसे अनयने भरले, आजची दुपार इशिताने दिली. पण माझ्या त्या सगळ्या किनाऱ्यांवरच्या निर्धास्त दुपारी—त्यांची किंमत ह्या माणसाने भरली, दर वेळी एकेक समुद्र सोडून देऊन.